पहिलं लेझर एन्ग्रेव्हर कोणतं घेऊ? रुखवत, वाण, नेमप्लेट – घरून काम, इंदूर

सुदामानगर_अनघा

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतंच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, कुठे चुकलं तर सांगा.

मी इंदूरला सुदामानगरात राहते. चार वर्षं झाली, घरून रुखवताचं सामान, मुंजीचे पाट, संक्रांतीच्या वाणाच्या डब्या असं करून देते. नावं आत्तापर्यंत ब्रशनेच लिहायची. गेल्या संक्रांतीला एका ताईंची १२० लाकडी कुंकवाच्या डब्यांची ऑर्डर होती, प्रत्येकीवर नाव, आणि नव्वदच्या पुढे मनगट इतकं दुखायला लागलं की शेवटच्या तीस डब्यांची अक्षरं पहिल्यांसारखी आलीच नाहीत. त्या ताई काही बोलल्या नाहीत, पण मला दिसत होतं आणि ते मनाला फार लागलं. तेव्हाच ठरवलं की मशीन घ्यायचं.

काम काय काय करायचंय ते सांगते. लाकडी डब्या, पाट, एमडीएफच्या नेमप्लेट, रांगोळीचे छापे, अ‍ॅक्रिलिकच्या नेमप्लेट, आणि लोक स्टीलच्या डब्यांवर नाव घालून मागतात तेही. बजेट ५०,००० पर्यंत, फार तर थोडं वर. मागच्या बाल्कनीला लागून एक छोटी खोली आहे, तिला एक खिडकी आहे. घरात ६ वर्षांचा मुलगा आहे.

ऑनलाइन बघितलं तर ५ वॅट, १० वॅट, ४० वॅट, ८० वॅट, सगळे म्हणतात आमचंच सगळ्यात भारी. चार रात्री व्हिडिओ बघून आणखीच गोंधळ झालाय. कोणतं घेऊ?

मल्हारगंजकर

अनघाताई, मी पण इंदूरचाच, दोन वर्षं झाली डायोड लेझरवर काम करतोय, किचेन आणि ट्रॉफीच्या लाकडी पाट्या. आधी ते वॅटचं सांगतो कारण मी तिथेच फसलो होतो.

जाहिरातीत मोठ्या अक्षरात जे ४० वॅट लिहिलेलं असतं ते बऱ्याच वेळा मशीन किती वीज ओढतं त्याचं असतं, प्रत्यक्ष उजेडाची जी ताकद लाकडावर पडते ती असते ५ वॅट. मी पहिलं मशीन असंच घेतलं, विकणाऱ्याने फोनवर छातीठोकपणे सांगितलं की ४० वॅट आहे, ४ एमएमचं एमडीएफ एका फेरीत कापेल. घरी आणून लावलं तर ३ एमएमला सहा-सात फेऱ्या, कडा कोळशासारख्या काळ्या. मग पुस्तिका उघडून बघितली तर आत बारीक अक्षरात ऑप्टिकल पॉवर ५ वॅट. तर ताई, दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा, 'ऑप्टिकल आउटपुट किती वॅट?' आणि उत्तर लेखी घ्यायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना.

आणि दुसरं म्हणजे मशीन कोणतं हा प्रश्न नंतरचा. आधी तुमची गेल्या वर्षीची ऑर्डरची वही काढा आणि बघा की शंभरातल्या किती ऑर्डरी लाकूड-एमडीएफच्या होत्या, किती अ‍ॅक्रिलिकच्या, किती स्टीलच्या. लोक विचारतात ते वेगळं आणि पैसे देऊन घेतात ते वेगळं. त्या आकड्यावर मशीन ठरतं.

जुना_कॅटवाला

अनघाताई, माझी सगळी नोकरी इथे कॅटमध्ये गेली, म्हणजे आत्ताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. लेझर हाच तिथला एक मुख्य विषय, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो. जरा लांबेल, पण आपण शांतपणे वाचावं.

लेझर म्हणजे एकच जात नाही. आपल्या कामाच्या तीन जाती आहेत आणि फरक तरंगलांबीचा आहे. डायोडचा उजेड निळा, साधारण ४५० नॅनोमीटर. फायबरचा १०६४ नॅनोमीटर, डोळ्याला दिसत नाही. आणि कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे सीओटूचा, १०,६०० नॅनोमीटर, तोही दिसत नाही. कोणता पदार्थ कोणता उजेड पिऊन घेतो यावर सगळा खेळ आहे. लाकूड निळा उजेडही पितं आणि सीओटूचाही. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून निळा उजेड काचेतून ऊन जावं तसा आरपार जातो, म्हणून डायोड कितीही वॅटचा घ्या, पारदर्शक अ‍ॅक्रिलिक त्याने कापलं जात नाही. काळं कापलं जाईल. सीओटूचा उजेड मात्र पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पूर्ण पितं, म्हणून कडा काचेसारखी सुंदर येते. उघडं चकचकीत स्टील, पितळ, तांबं सीओटूचा उजेड परतवून लावतात, तिथे फायबर लागतो.

जाता जाता सांगतो, ही सीओटू लेझर १९६४ साली बेल लॅबमध्ये कुमार पटेल यांनी बनवली. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या सरकारी कॉलेजातलं. आज गल्लोगल्ली अ‍ॅक्रिलिक कापणारी जी मशिनं दिसतात त्यांचं मूळ त्या माणसाच्या कामात आहे, आणि आपल्या लोकांना हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

आता डोळ्यांचं. घरात लहान मूल आहे म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं. उघड्या फ्रेमचं १० वॅटचं मशीन वर्ग ४ मध्ये, म्हणजे लेझरच्या सगळ्यात धोकादायक वर्गात येतं. त्यात थेट किरणच नाही, एखाद्या चकचकीत वस्तूवरून परतलेला किरणही डोळा घालवू शकतो. निळा उजेड डोळ्याचं भिंग थेट पडद्यावर एकवटतं आणि पापणी मिटायला जो पाव सेकंद लागतो तेवढ्यात इजा होऊन गेलेली असते. त्यातून झालेली इजा भरून येत नाही. चष्मा त्या-त्या तरंगलांबीचाच लागतो, डायोडचा चष्मा फायबरला चालत नाही. चष्म्याच्या दांडीवर किंवा काचेवर तरंगलांबी आणि ओडी (काच तो उजेड किती अडवते त्याचा) आकडा छापलेला नसेल तर तो नुसता रंगीत प्लास्टिकचा तुकडा समजा.

म्हणून माझं स्पष्ट मत, आपल्या घरात उघडं मशीन नको. पूर्ण बंद पेटीचं, झाकण उघडलं की लेझर आपोआप बंद होणारं घ्या. आणि खोलीला आतून कडी.

ग्वाल्हेरकर_समीर

सीओटूबद्दल मी सांगतो, तीन वर्षं के-४० चालवतोय. ४० वॅटची काचेची नळी, कामाची जागा साधारण ३०० बाय २०० मिमी. अ‍ॅक्रिलिकचं काम असेल तर याला तोड नाही, ३ एमएम एका फेरीत, लाकडावर पण डायोडपेक्षा बराच वेग.

पण ताई, सांभाळायला हे मशीन कडक आहे. नळी पाण्याने थंड ठेवावी लागते आणि पाणी २५ डिग्रीच्या वर गेलेलं तिला सोसत नाही. आता ग्वाल्हेरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, नळाचंच पाणी गरम येतं. पहिल्या उन्हाळ्यात मी बादलीत बर्फाच्या बाटल्या टाकून काम केलं, दर वीस मिनिटांनी बाटली बदलायची, एक दिवस लग्नाच्या ऑर्डरच्या घाईत विसरलो आणि नळीची ताकद तेव्हापासून जी उतरली ती उतरलीच. नंतर पाणी थंड करणारा कॉम्प्रेसरवाला चिलर घ्यावा लागला, तो खर्च मशीनच्या किमतीत कोणी सांगत नाही. शिवाय आत १५,००० व्होल्टच्या वरचा दाब असतो, घराचं अर्थिंग पक्कं नसेल तर हात लावू नका. भाड्याच्या जुन्या घरात तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासूनच घ्या. आणि नळी ही खपाची वस्तू आहे, वापरली नाही तरी हळूहळू उतरते.

सुदामानगर_अनघा

सगळ्यांचे खूप आभार. काका, आपण इतकं समजावून लिहिलंत, मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला बंद पेटीचंच घ्यायचं, यावर आता चर्चा नाही.

वही काढली. गेल्या वर्षी ८४ ऑर्डरी, त्यातल्या ६१ लाकूड आणि एमडीएफच्या, १४ अ‍ॅक्रिलिकच्या, स्टीलच्या फक्त ९. मला स्वतःला आश्चर्य वाटलं, मला वाटत होतं स्टील निम्मं तरी असेल कारण विचारणा रोज होते.

पण म्हणून स्टील आणि अ‍ॅक्रिलिकवाल्यांना नाही म्हणायचं का? ती गिऱ्हाइकं मग लाकडासाठी पण दुसरीकडे जातील.

बडोदेकर_मृणाल

नाही का म्हणायचं? जॉबवर्क करून घ्यायचं. मी बडोद्याला हेच करते. माझ्याकडे १० वॅटचा डायोड, अ‍ॅक्रिलिक एका साइनबोर्डवाल्याकडून कापून घेते, त्याच्याकडे मोठं सीओटू आहे, आणि स्टीलचं काम एका फायबरवाल्याकडे. त्याचं मशीन एका डब्यावर काही सेकंदात नाव टाकतं, आपण लाखाच्या वरचं ते मशीन नऊ ऑर्डरींसाठी कशाला घ्यायचं? तुमच्याकडे तर बर्तन बाजार आहे, तिथे भांड्यांवर नाव घालणारे अजून थरथरत्या पेनने करतात ना, त्यांच्यापैकीच कोणीतरी फायबर घेतलेलाही असेल, एकदा चक्कर मारा. फाइल तुमची, डिझाइन तुमचं, गिऱ्हाईक तुमचं. वर्षभर असं करा, मग स्टीलच्या ऑर्डरी नऊच्या नव्वद झाल्या तर घ्या की फायबर.

एक हिशोब देते, तो मशीन घेताना कोणी सांगत नाही. डबीवर नावाची जागा समजा ५० बाय २० मिमी. लेझर एकेक ओळ मारत जातो, दोन ओळींत ०.१ मिमी अंतर म्हणजे २० मिमीत २०० ओळी. डोकं दोन्ही बाजूंना थोडं पुढे जाऊन वळतं, म्हणून ओळ धरा ६० मिमीची. २०० गुणिले ६० म्हणजे १२,००० मिमी. मिनिटाला ३००० मिमीच्या वेगाने ४ मिनिटं. तुमच्या १२० डब्या म्हणजे ८ तास, नुसतं मशीन चालायला. तोच गडदपणा आणायला ५ वॅटवर वेग निम्मा करावा लागला तर १६ तास. वॅट जास्त म्हणजे तुमचा दिवस मोकळा, इतकंच त्याचं महत्त्व. म्हणून तुमच्या कामाला खऱ्या १० वॅटच्या खाली जाऊ नका, २० वॅट बजेटमध्ये बसलं तर कापण्याला फरक पडेल पण नाव घालायला १० भरपूर आहे.

आणि एका वेळी एक डबी ठेवू नका. एमडीएफच्या शीटमध्ये डबीच्या आकाराची १२ भोकं कापून साचा करा, बारा डब्या बसवा, एकदाच फाइल लावा. दर वेळी मध्य शोधत बसणं वाचतं.

मल्हारगंजकर

मृणालताईंशी शंभर टक्के सहमत. बाकी दोन-तीन गोष्टी.

रेक्झिन घेऊ नका, कोणी कितीही पैसे देऊ देत. मला एका ओळखीच्या माणसाने ५० डायऱ्यांवर कंपनीचं नाव मागितलं होतं, म्हणाला लेदर आहे. दहा-बारा झाल्यावर घशात आणि डोळ्यांत जळजळ, मला वाटलं धूर आहे म्हणून. आठवड्याने बघतो तर मशीनच्या रेलवर आणि स्क्रूंवर गंज, लेन्स धुरकट. ते पीव्हीसी होतं. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल होतं, मशीन पण खातो आणि फुप्फुस पण. तेव्हापासून बिलावर पदार्थाचं नाव लिहिलेलं असेल तरच माल मशीनवर घेतो.

एमडीएफ चालतं पण त्याच्या धुरात फॉर्मलडिहाइड असतो, त्यातला डिंक जळतो ना. खिडकीतून ४ इंची पाइप आणि इनलाइन पंखा, पाइप जितका आखूड आणि सरळ तितका धूर बाहेर ओढला जातो. माझा आधी तीन वळणांचा होता, पंखा फुल चालूनही खोलीत वास राहायचा, सरळ केला आणि दुसऱ्या दिवशी फरक. सियागंजमध्ये पाइप, क्लॅम्प सगळं मिळतं. शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर सोडू नका एवढं बघा.

एअर असिस्ट मशीनबरोबरच घ्या, नंतर नको. जिथे किरण पडतो तिथे हवेची फुंकर बसते, ज्वाळा धरत नाही, कडा कमी काळी पडते, लेन्स स्वच्छ राहते. मशीन चालू असताना खोली सोडायची नाही, दाराची घंटा वाजली तर आधी पॉज, मग दार. शेजारी छोटं अग्निशामक ठेवा.

आणि साधं प्लाय कापायला घेऊ नका, आत डिंकाचे गोळे आणि पोकळ्या असतात, तेवढ्याच जागी कापलं जात नाही आणि अख्खा तुकडा वाया.

सुदामानगर_अनघा

हे रेक्झिनचं वाचून अंगावर काटा आला, माझ्याकडे मुंजीच्या पाऊचवर नाव मागणारे आहेत, ते सगळे रेक्झिनचेच.

अजून एक विचारते. फॉन्टचं काय? मला नावं मराठीतच हवी आहेत, माझी ओळखच ती आहे. एका दुकानात डेमो बघितला तर त्याने 'श्री' टाइप केलं आणि श, र, वेलांटी सगळं सुटं सुटं आलं.

बडोदेकर_मृणाल

तो जुना फॉन्ट आणि जुनं सॉफ्टवेअर असणार. युनिकोड फॉन्ट घ्या, मुक्ता, बालू हे 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचे फुकट आहेत आणि धंद्यालाही चालतात. डिझाइन इंकस्केपमध्ये करा, तेही फुकट. मशीन चालवायला विंडोजवर लेझरजीआरबीएल फुकट आहे, पण मी लाइटबर्न विकत घेतलं आणि ते पैसे वसूल झाले. आधी महिनाभर ट्रायल मिळते, वापरून बघा.

आता मराठीची खास गंमत ऐका. प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येतं आणि शेजारच्या अक्षरावर किंचित चढतं. पडद्यावर सलग दिसतं, पण लेझर ती दोन आकृत्या समजतो, आणि जिथे त्या एकमेकींवर चढल्यात तेवढी जागा कोरी सोडतो. म्हणजे 'कुलकर्णी' कोरलं तर शिरोरेषेत प्रत्येक जोडावर केसाएवढी पांढरी फट. कापायला दिलं तर त्याच जागी शब्द तुटतो. उपाय सोपा आहे, इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ, मग अनग्रुप, मग युनियन. लाइटबर्नमध्ये वेल्ड. एकदा सवय लागली की दहा सेकंदाचं काम, पण हे कळायला माझ्या चार नेमप्लेट गेल्या.

एकदा वेल्ड केलं की आपल्या लिपीसारखी लिपी नाही. शिरोरेषेमुळे आख्खं नाव एका तुकड्यात निघतं, इंग्रजी नावासारखी सुटी अक्षरं रांगेत चिकटवत बसावी लागत नाहीत. फक्त अनुस्वार सांभाळा, तो सुटा असतो. 'देशपांडे' कापलं आणि टिंब जाळीतून खाली पडलं की 'देशपाडे' होतं. मी आता टिंबाला खालून बारीक दांडी देऊन शिरोरेषेला जोडते.

इंदुरी_हिशोब

थोडक्यात कागदपत्रांचं. उद्यम नोंदणी सरकारी साइटवर पूर्ण फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइटवर करू नका. मध्य प्रदेशात वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या मालविक्रीला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर माल विकायचा असेल तर नियम वेगळे आहेत, पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी घेण्याआधी सीएशी बोला. मुद्रा कर्जात शिशु गट ५०,००० पर्यंतचा आहे, तुमच्या बजेटला नेमका बसतो.

सुदामानगर_अनघा

मंडळी, पाच आठवड्यांनी येतेय, कळवायचं राहूनच गेलं.

मशीन घेतलं. १० वॅट ऑप्टिकल डायोड, बंद पेटीचं, झाकण उघडलं की बंद होणारं. दुकानदाराकडून ऑप्टिकल पॉवर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतली, आधी टाळाटाळ करत होता, मी म्हटलं नाहीतर राहू दे, मग पाच मिनिटांत पाठवली. एअर असिस्ट, पंखा आणि पाइप धरून ५०,००० च्या थोडं वर गेलं. दाराला कडी लावली, आणि काका, मुलाला मी स्वतः बसवून समजावलं की हा उजेड का बघायचा नाही, तो आता आजीला पण समजावतो.

पहिला आठवडा ऑर्डर घेतलीच नाही, नुसत्या चाचण्या. एका टाकाऊ सागवानी फळीवर चौकोनांचं कोष्टक केलं, आडवा वेग वाढत जाणारा, उभी ताकद वाढत जाणारी. वरच्या कोपऱ्यात जेमतेम पिवळसर डाग आणि खालच्या कोपऱ्यात नख अडकेल एवढा खोल काळा खड्डा, आणि मधल्या तीन-चार चौकोनांत तो गडद तपकिरी रंग जो मला हवा होता. तीच चाचणी आंब्याच्या लाकडावर केली तर आकडे वेगळेच. शिसमावर तर अक्षर खोल गेलं तरी दिसेना, लाकूडच इतकं गडद. आता प्रत्येक लाकडाची फळी भिंतीला टांगून ठेवलीय, खाली पेन्सिलने आकडे लिहून.

स्टीलसाठी बर्तन बाजारात गेले. तिसऱ्या दुकानात फायबरवाला सापडला, त्याने नमुन्याला एक डबा करून दिला, अक्षर बघून मला भरून आलं. अ‍ॅक्रिलिकवाला अजून शोधतेय. पाऊचवाल्या दोघींना रेक्झिनचं कारण सांगितलं, एकीने कापडाचे पाऊच शिवून दिले आणि त्यावर नाव इतकं छान आलं की तिने आणखी २५ सांगितले.

काल पहिली मोठी ऑर्डर गेली, ४० डब्या, साच्यात बारा-बारा बसवून. पहिली आणि चाळिसावी शेजारी ठेवून बघितली. दोन्ही सारख्या.

एकच अडतंय. कच्च्या, पॉलिश नसलेल्या डब्यांवर अक्षराच्या भोवती धुराचा पिवळट डाग राहतो. ओल्या फडक्याने पुसलं तर आणखी पसरतो.

मल्हारगंजकर

अभिनंदन ताई, फार बरं वाटलं वाचून! डागाला कागदी मास्किंग टेप. आधी टेप सपाट चिकटवा, कार्ड घासून हवा काढा, मग टेपवरूनच कोरा आणि झालं की उपटा. ताकद दोन-तीन टक्के वाढवावी लागेल. प्लास्टिकची सेलोटेप वापरू नका, ती वितळून चिकटते.

बडोदेकर_मृणाल

आणि बारीक अक्षरांत टेपचे कपटे अडकतात, ते नखाने काढू नका, दुसरी टेप वरून दाबून उचला, सगळे एकदम येतात. चाळीस डब्यांचा फोटो टाका ना.

सुदामानगर_अनघा

टेप आणायला निघालेच आहे. फोटो संध्याकाळी टाकते, अजून दोन डब्या घरी आहेत, आईसाठी आणि सासूबाईंसाठी केलेल्या.